बोलण्यातल्या इंग्रजीतली मोडल : आधी आपलं मराठी वाक्य नीट ऐका

शाळेत इंग्रजीतल्या मोडल क्रियापदांचा, म्हणजे मुख्य क्रियापदाला शक्यता, परवानगी, सक्ती अशा छटा देणाऱ्या शब्दांचा, तक्ता पाठ करून घेतात. “कॅन” म्हणजे शकणे, “मे” म्हणजे परवानगी, “मस्ट” म्हणजे पाहिजे, “शॅल” आणि “विल” म्हणजे भविष्यकाळ. या तक्त्यावर पेपर सुटतो, पण बोलायला गेलं की तोच आडवा येतो. “पाहिजे” या एका शब्दाला इंग्रजीत निदान चार वेगवेगळी उत्तरं आहेत आणि “मी करतो” इतक्या साध्या वाक्यातही मोडल दडलेलं असतं, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं.

मराठीत मोडलचं काम मुख्यतः क्रियापदाची शेपटी करते: करेल, करावं, करायचो, करू का, करेना. उरलेलं काम “तुम्ही”, “ना”, “च”, “बहुतेक” असे छोटे शब्द सांभाळतात. इंग्रजी क्रियापदाला अशा शेपट्या जवळजवळ नाहीतच. आदर, आग्रह, शंका, खात्री, नकार हे सगळं इंग्रजी मोडलवर टाकते. म्हणून मोडल शिकायचं तर सुरुवात इंग्रजी शब्दापासून करू नका. मनात आलेल्या मराठी वाक्याची शेपटी काय सांगते आहे ते ओळखा, मग मोडल निवडा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १ : सांगाडा

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही. मूळ मोडल नऊ आहेत: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. त्यांच्यानंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, मध्ये “टू” येत नाही आणि दोन मोडल शेजारी बसत नाहीत. “हॅव टू”, “नीड टू”, “गोइंग टू”, “यूज्ड टू”, “हॅड बेटर” ही मंडळी मोडलचंच काम करतात आणि बोलण्यात अनेकदा मूळ मोडलपेक्षा जास्त भेटतात.

आपल्याकडे सगळ्यात जास्त कानावर येणारी चूक म्हणजे “आय कॅन एबल टू डू इट” आणि तिची बहीण “आय कुड नॉट एबल टू कम”. “कॅन” आणि “एबल टू” यांचा अर्थ एकच, त्यामुळे दोन्हींपैकी एकच घ्यायचं: “आय कुडन्ट कम” किंवा “आय वॉजन्ट एबल टू कम”.

पायरी २ : उच्चार, कारण गैरसमज इथेच होतो

मोडल बरोबर निवडूनही समोरच्याला उलटा अर्थ कळू शकतो. याचं ठळक उदाहरण “कॅन”. होकारार्थी वाक्यात इंग्रजी बोलणारे “कॅन” पूर्ण उच्चारत नाहीत, तो “कन्” इतका बारीक होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो: “आय कन् कम ऑन मंडे.” नकारात मात्र जोर मोडलवर येतो. ब्रिटिश उच्चारात तो “कान्ट” होतो, म्हणजे स्वरच बदलतो आणि घोटाळा टळतो. अमेरिकन उच्चारात “कॅन्ट” होतो आणि शेवटचा “ट” बहुतेक वेळा गिळला जातो. मग अमेरिकन कान फरक कशावरून करतो? “कन्” ऐकू आलं तर होकार, ठसठशीत “कॅन” ऐकू आलं तर नकार.

आपण मराठी माणसं प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ उच्चारतो. “आय कॅन कम ऑन मंडे” असं स्पष्ट म्हटलं की अमेरिकन माणूस “सोमवारी येत नाही” असं समजू शकतो. उपाय दोन. होकारात “कन्” बारीक करा आणि क्रियापदावर जोर द्या. नकार महत्त्वाचा असेल तर “कॅनॉट” म्हणा, किंवा “आय वोन्ट बी एबल टू कम” म्हणा. वाक्याच्या शेवटी एकटा आला तर “कॅन” पूर्णच उच्चारतात: “येस, आय कॅन.”

दुसरी जोडी “वोन्ट” आणि “वॉन्ट”. “वोन्ट” म्हणजे “विल नॉट”, त्याचं यमक “डोन्ट”शी जुळतं. “वॉन्ट” म्हणजे हवं. “आय वोन्ट टी” आणि “आय वॉन्ट टी” यांतल्या एका स्वरावर चहा मिळायचा की नाही ते ठरतं. “डोन्ट, वोन्ट, डोन्ट, वोन्ट” असं मोठ्याने वीस वेळा म्हटलं की जीभ वळते.

बाकीच्यांतही झीज होते. “कुड”, “वुड”, “शुड” यांतला लिहिलेला “एल” उच्चारत नाहीत. पटकन बोलताना “वुड यू” चं “वुजू” होतं, “कुड यू” चं “कुजू”. “हॅव टू” चं “हॅफ्टा”, “गॉट टू” चं “गॉटा”, “गोइंग टू” चं “गॉना”. तुम्ही असं बोललंच पाहिजे असं नाही. पण ऐकताना ओळखता यायला हवं, नाहीतर समोरच्याने काय विचारलं हेच कळत नाही.

पायरी ३ : विनंती, म्हणजे इंग्रजीतलं “तुम्ही”

“फाइल पाठवा” या मराठी वाक्यात आदर आहे, तो “पाठवा” मधल्या “वा”त आहे. त्याचं इंग्रजी “सेंड द फाइल” केलं की आदर गळून पडतो आणि उरतो हुकूम. पुढे “प्लीज” जोडलं तरी तो नम्र हुकूमच राहतो. इंग्रजीत “तू” आणि “तुम्ही” असा भेद नाही, तो भेद मोडल दाखवतं:

“कॅन यू सेंड द फाइल?” हे सहकाऱ्याला, मित्राला, घरच्यांना. पाठवशील का?

“कुड यू सेंड द फाइल?” हे साहेबांना, ग्राहकाला, अनोळखी माणसाला. पाठवाल का? कुणाशी काय बोलावं हे कळत नसेल तेव्हा बेलाशक “कुड यू” वापरा, कुठेही वावगं दिसत नाही. इथे “कुड” भूतकाळ नाही. आपणही विनंतीत “जरा विचारायचं होतं” असं म्हणून एक पाऊल मागे सरकतो ना, तसंच हे आहे.

“वुड यू माइंड सेंडिंग द फाइल?” यात समोरच्याला थोडी तसदी पडणार आहे हे मान्य केलेलं असतं. याचं उत्तर देताना घोटाळा होतो. प्रश्नाचा अर्थ “तुमची हरकत आहे का?” असा असल्याने होकार द्यायचा तर “नॉट ॲट ऑल” किंवा “नो, ऑफ कोर्स नॉट” म्हणायचं. उत्साहात “येस” म्हटलं तर त्याचा अर्थ हरकत आहे असा होतो. तसंच “कुड यू?” ला “येस, आय कुड” असं उत्तर देत नाहीत. “शुअर” किंवा “येस, आय कॅन” म्हणतात.

आपण स्वतःसाठी काही मागतो तेव्हा “कॅन आय” आणि “कुड आय” पुरतात. “मे आय कम इन, सर?” ही शाळेची सवय आहे. ते चूक नाही, पण रोजच्या ऑफिसात प्रत्येक दाराशी म्हटलं तर अवघडल्यासारखं वाटतं. दुसऱ्याला “यू मे सिट” म्हणणं तर टाळाच. त्यातून “मी तुला बसायची परवानगी देतो” असा सूर निघतो. “प्लीज, हॅव अ सीट” म्हणावं.

पाहुण्याला चहा विचारताना “विल यू टेक टी?” ऐवजी “वुड यू लाइक सम टी?” आणि आपल्याला हवं असेल तेव्हा “आय वॉन्ट” ऐवजी “आय'ड लाइक”. मराठीतल्या “ठेवू का?”, “करू का?”, “उघडू का?” या रूपाला ब्रिटिश इंग्रजीत हुबेहूब जोड आहे: “शॅल आय ओपन द विंडो?” बोलण्यात “शॅल” जे काही शिल्लक आहे ते मुख्यतः “शॅल आय” आणि “शॅल वी” या दोन प्रश्नांपुरतं. अमेरिकेत तिथेही “शुड आय” किंवा “डू यू वॉन्ट मी टू” ऐकू येतं.

पायरी ४ : पाहिजे, लागतं, नको

ही सगळ्यात अवघड पायरी आहे, हिला दोन आठवडे द्या. “पाहिजे” ऐकू आलं की आधी विचारा: वस्तू हवी आहे, सल्ला आहे, की सक्ती आहे?

“मला सुटे पैसे पाहिजेत” यात मोडल नाही, “आय नीड चेंज”. “तू डॉक्टरकडे जायला पाहिजे” हा सल्ला, “यू शुड सी अ डॉक्टर”. “बस आत्तापर्यंत यायला पाहिजे” ही अपेक्षा, तिथेही “शुड” चालतं: “द बस शुड बी हिअर बाय नाऊ”. “उद्या फी भरायलाच पाहिजे” यात “च” आला, म्हणजे पर्याय नाही: “आय हॅव टू पे द फी टुमॉरो”.

“लागतं” आलं की प्रश्नच मिटतो, ते सरळ “हॅव टू”. मराठीतले काळ जसेच्या तसे उतरतात: उठावं लागतं “आय हॅव टू गेट अप”, उठावं लागलं “आय हॅड टू गेट अप”, उठावं लागेल “आय'ल हॅव टू गेट अप”. “मस्ट” ला असे काळ नाहीत, म्हणून भूतकाळातल्या सक्तीसाठी तो कामाचा नाही.

मग “मस्ट” कुठे? सूचनाफलकावर, नियमावलीत, आणि अंदाजात (तो पुढच्या पायरीत येतो). लँकेस्टर विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९६१ आणि १९९१-९२ या काळांतल्या ब्रिटिश आणि अमेरिकन छापील इंग्रजीचे प्रत्येकी सुमारे दहा लाख शब्दांचे नमुने ताडून पाहिले. त्यात “शॅल”, “मस्ट” आणि “मे” यांचा वापर ठळकपणे घसरलेला आढळला. आपल्या शाळेचा तक्ता नेमका याच तिघांवर भर देतो. सहकाऱ्याला “यू मस्ट फिनिश इट टुडे” म्हटलं तर दरडावल्यासारखं होतं, तिथे “वी नीड टू फिनिश इट टुडे” म्हणा. प्रेमाच्या आग्रहाला मात्र “मस्ट” छान शोभतो: “यू मस्ट ट्राय द मिसळ” म्हणजे मिसळ खाऊन बघच.

“हॅड बेटर” हा “शुड” चा मऊ भाऊ आहे असं बरेच जण समजतात. तसं नाही. त्याच्या पोटात “नाहीतर बघ” दडलेलं असतं. “यू'ड बेटर लीव्ह नाऊ” म्हणजे आत्ता निघ, नाहीतर गाडी चुकेल. वरिष्ठांना तो वापरू नका.

आणि “नको”. “उद्या यायला नको” या वाक्यात दोन अर्थ राहतात. यायची गरज नाही, “यू डोन्ट हॅव टू कम”. येऊच नये, “यू शुडन्ट कम”. आणखी कडक बंदी असेल तर “यू मस्टन्ट” किंवा बोलण्यात “यू कान्ट”. “मस्ट” म्हणजे पाहिजे, म्हणून “मस्टन्ट” म्हणजे गरज नाही, असा हिशेब करू नका. एखाद्या रुग्णाला “यू मस्टन्ट टेक धिस टॅब्लेट” म्हटलं तर तो गोळी घेणारच नाही, आणि तुम्हाला म्हणायचं असेल की घेतली नाही तरी चालेल.

पायरी ५ : असेल

“तो घरी असेल.” यातली खात्री मराठीत आवाजावरून आणि शेजारच्या शब्दांवरून कळते. इंग्रजीत ती मोडलवरून कळते.

असेलच, दिवा दिसतोय ना: “ही मस्ट बी होम.”
या वेळी असायला हवा: “ही शुड बी होम.”
असेल कदाचित: “ही माइट बी होम” किंवा “ही कुड बी होम.”
असणं शक्यच नाही, आत्ताच स्टेशनवर दिसला: “ही कान्ट बी होम.”

शेवटच्या वाक्यात “मस्टन्ट” येत नाही, “मस्ट” चा अंदाजातला उलटा शब्द “कान्ट” आहे. आणि “असू शकतो” याचं शब्दशः “ही कॅन बी होम” करू नका. “कॅन” एखाद्या गोष्टीचा स्वभाव सांगतो: “इट कॅन गेट कोल्ड इन महाबळेश्वर”, महाबळेश्वरला थंडी पडते कधीकधी. आज, आत्ता, या माणसाबद्दल अंदाज असेल तर “माइट” किंवा “कुड”.

“माइट” ची आणखी एक सुंदर जागा आहे. रिक्षा मिळत नाही, घर जवळच आहे, आपण म्हणतो, “चला, चालतच जाऊ मग.” त्या “मग”मधला दुसरं-काय-करणार हा भाव म्हणजे “वी माइट ॲज वेल वॉक”.

पायरी ६ : करतो, येतं, करेना

“मी उद्या फोन करतो.” मराठीत हा वर्तमानकाळ आहे, पण खरं तर आत्ता दिलेला शब्द आहे. “आय कॉल यू टुमॉरो” अडखळल्यासारखं वाटतं, “आय'ल कॉल यू टुमॉरो” म्हणायचं. दाराची बेल वाजली, “मी बघतो”: “आय'ल गेट इट.” असा ऐनवेळचा शब्द दिसला की “'ल” जोडायचं. आधीच ठरलेलं असेल, म्हणजे “जाणार आहे”, तर “आय'म गोइंग टू”.

कौशल्याला आपण “येतं” म्हणतो: मला पोहता येतं. त्यावरून “आय नो स्विमिंग” म्हणायची सवय लागते. “आय कन् स्विम” हे सरळ आणि बरोबर. ऐकू येणं, दिसणं यांनाही “कॅन” लागतो. व्हिडिओ कॉलवर “आय ॲम नॉट हिअरिंग यू” ऐवजी “आय कान्ट हिअर यू”, “तुमची स्क्रीन दिसतेय” ला “आय कन् सी युअर स्क्रीन”.

भूतकाळात एक खाच आहे. लहानपणी झाडावर चढता यायचं, ही कायमची क्षमता, तिथे “आय कुड क्लाइम्ब ट्रीज” बरोबर. पण “काल तिकीट काढू शकलो” ही एकदा घडलेली गोष्ट आहे. तिथे “आय कुड गेट अ टिकेट” म्हटलं तर ऐकणाऱ्याला “मिळू शकेल” असा भास होतो. “आय मॅनेज्ड टू गेट अ टिकेट”, किंवा नुसतं “आय गॉट अ टिकेट” म्हणा. नकारात ही अडचण नाही, “आय कुडन्ट गेट अ टिकेट” कुठेही चालतं.

आणि मराठीचं “करेना” हे रूप. दार उघडेना, गाडी सुरू होईना, पोरगं ऐकेना. इंग्रजीत याला तितकीच नेमकी जोड आहे: “द डोअर वोन्ट ओपन”, “द कार वोन्ट स्टार्ट”, “ही वोन्ट लिसन”. इथे “वोन्ट” म्हणजे उद्या उघडणार नाही असं नव्हे, आत्ता हट्टाला पेटलंय. कालची गोष्ट सांगताना “वुडन्ट”. मेकॅनिकला “माय कार इज नॉट गेटिंग स्टार्टेड” सांगण्यापेक्षा “माय कार वोन्ट स्टार्ट” सांगितलं की काम झालं.

पायरी ७ : वुड

“वुड” जास्त नम्र वाटतो म्हणून आपल्याकडे “आय वुड बी कमिंग टुमॉरो” असं लिहितात आणि बोलतात. इंग्रजी कानाला हे वाक्य अर्धवट वाटतं, तो पुढच्या “पण”ची वाट बघतो: आलो असतो, पण काय? येणं पक्कं असेल तर “आय'ल बी कमिंग टुमॉरो” म्हणा.

“वुड” ची खरी जागा “असतं”पाशी आहे. “मी असतो तर थांबलो असतो” हा सल्ला इंग्रजीत दोन शब्दांच्या आधाराने देतात, “आय'ड वेट”, आणि तो “यू शुड वेट” पेक्षा कितीतरी सौम्य लागतो. दुसरी जागा “जायचो”: उन्हाळ्यात आम्ही आजोळी जायचो, “एव्हरी समर वी'ड गो टू अवर ग्रँडपेरेंट्स”. पण एकसारखी स्थिती असेल, म्हणजे “आमचं दुकान होतं पूर्वी”, तर “वुड” चालत नाही, “वी यूज्ड टू हॅव अ शॉप” म्हणावं लागतं.

पायरी ८ : होऊन गेलेलं

इथे मोडलमागे “हॅव” येतो आणि बोलण्यात तो “अव्ह” इतका झिजतो की इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही चुकून “शुड ऑफ” असं लिहून बसतात. “शुड'व्ह”, “कुड'व्ह”, “मस्ट'व्ह” असे एकाच दमात म्हणा.

जायला हवं होतं: “आय शुड'व्ह गॉन.” विसरला असेल, नक्कीच: “ही मस्ट'व्ह फरगॉटन.” विसरला असेल कदाचित: “ही माइट'व्ह फरगॉटन.” मला सांगितलं असतंस तर आलो असतो: “आय वुड'व्ह कम.” “कुड'व्ह” ला दोन मराठी चेहरे आहेत आणि दोन्ही रोजचे. “अरे, पडला असतास ना!” हे “यू कुड'व्ह फॉलन”. “मग सांगायचंस ना!” ही तक्रार म्हणजे “यू कुड'व्ह टोल्ड मी”.

सराव

रोज दहा मिनिटं, एका वेळी एकच शेपटी, तीन दिवस. सकाळपासून घरात तुम्ही स्वतः बोललेली “लागतं”ची पाच वाक्यं वहीत मराठीत लिहा. समोर इंग्रजी लिहा, मोठ्याने वाचा, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकताना दोनच गोष्टी तपासा: होकारातलं मोडल पुरेसं बारीक झालं का, आणि जोर क्रियापदावर पडला का. चौथ्या दिवशी “असेल” घ्या, मग “करेना”. पुस्तकातली वाक्यं घेऊ नका. तुमच्या तोंडी नसलेलं वाक्य वेळेवर आठवत नाही, पण “गाडी सुरू होईना” हे मनात आपोआप येतं, आणि सरावाने त्याच्या पाठोपाठ “वोन्ट स्टार्ट” यायला लागतं. बोलताना मध्येच अडलात तर विनंतीला “कुड यू”, सक्तीला “हॅव टू”, शंकेला “माइट” आणि ऐनवेळच्या शब्दाला “आय'ल” पकडा. या चौघांवर बहुतेक दिवस निभतो.